शिशाच्या पट्टीचं नितळ पाणी

मी चिपळूणची. पावसाळ्यात नदी घराच्या पायऱ्यांपर्यंत येऊन जाते आणि उन्हाळ्यातही विहिरीचा तळ दिसतो तो पाणी आटल्यामुळे नव्हे, स्वच्छ असल्यामुळे. पाणी या गोष्टीचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं घाण पाण्यावर वीज सोडून ते स्वच्छ कसं करता येईल, याचे प्रयोग करते. मराठवाड्यात जायचं ठरलं तेव्हा घरचे म्हणाले, "पाण्यावरचे प्रयोग करायला, जिथे पाणीच नाही तिथे कशाला जातेस?" त्या थट्टेवर मीही हसले होते.

लातूर

लातूरला मला बोलावलं होतं बिराजदार सरांनी. ते तिथल्या एका कॉलेजात माझाच विषय शिकवतात; एका परिषदेत ओळख झाली होती. त्यांच्या मामांच्या शेतातली विहीर खराब झाली होती. "तुमच्या पट्ट्या घेऊन या मॅडम, आपण बादलीत करून बघू," असं त्यांनी फोनवर इतक्या वेळा म्हटलं होतं, की शेवटी मी माघ संपता संपता निघाले.

बिराजदारांच्या घरी शिरले तेव्हा वहिनींनी आधी तांब्या आणि फुलपात्र समोर ठेवलं. मी अर्धं प्याले, अर्धं ठेवलं. आमच्याकडे उरलेलं पाणी बेसिनमध्ये जातं. वहिनींनी ते उचललं, खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं आणि काहीच घडलं नाही अशा सुरात विचारलं, "चहा की कॉफी?" न्हाणीघरात दारामागे मोठाले ड्रम, जिन्याखाली ड्रम, गच्चीवर टाकी. शेजारीण दारातून डोकावली आणि तिनं हालहवाल न विचारता विचारलं, "तुमच्याकडं नळ आलता का?" मला एकदम चोरट्यासारखं वाटलं. सकाळी मी लॉजवर दोन बादल्या उडवून आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेत सामान उघडलं. हा भाग थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घाण पाण्यात दोन पट्ट्या बुडवायच्या आणि वीज सोडायची. धन टोकाच्या पट्टीवर पाण्यातला रंग, सडलेला अंश, सगळं तुटत जातं. ही पट्टी टायटॅनियमच्या पत्र्याची असते आणि तिच्यावर कुठल्या तरी धातूच्या ऑक्साइडचा लेप असतो. खरी करामत त्या लेपाची. माझ्याकडे तीन प्रकार होते. रुथेनियमचा, निळसर काळा, महाग पण टिकाऊ. कथिलाचा, राखाडी, जोरदार पण अल्पायुषी. आणि शिशाचा, गडद तपकिरी, स्वस्त. चिपळूणला प्रयोगशाळेत आम्हीच रंग कालवून केलेल्या पाण्यावर शिशाची पट्टी तिघींत सरस ठरली होती. शिसं पाण्यात उतरतं का, हेही तपासलं होतं. उतरलं नव्हतं.

"मग हीच जिंकणार म्हणा की," बिराजदार म्हणाले.

"बहुतेक," मी म्हणाले. शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा माझ्या डोक्यात तयार होतं.

निलंग्याच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही. निलंग्याहून कर्नाटकाच्या अंगाला जावं तसा ऊस कमी होत जातो, माती आणखी काळी होते आणि लोकांच्या मराठीत कानडी हेल यायला लागतो. बिराजदारांचे मामा, गुरुसिद्धअप्पा, आखाड्यावरच राहतात. शेतातल्या घराला इकडे आखाडा म्हणतात. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चौकोनी पेटी, अंगात पांढरा सदरा. त्यांनी हात जोडून "शरणार्थ" केलं आणि लगेच म्हणाले, "आधी हीर बघता का आधी जेवता?"

"आधी विहीर."

विहीर बांधलेली होती, घडीव दगडांची, आत उतरायला पायऱ्या. मी कठड्यावरून वाकले आणि तशीच राहिले. खाली पाणी नव्हतं, चहा होता. कोरा, दाट, उकळून उकळून काळा पडलेला चहा. कडेला मातकट फेस धरला होता. वास आला तो आंबलेल्या गुळाचा, आणि त्यामागून दुसराच कसला तरी, सडल्याचा. मी आयुष्यभर घाण पाण्याचे नमुने हाताळत आले आहे, पण ते बाटलीतले. अख्खी विहीर अशी मी पाहिली नव्हती.

"वरच्या अंगाला एक स्पिरिटचा कारखाना हुता," अप्पा सांगत होते. "बंद पडून लई दिवस झाले. मळी साठवायची तळी तशीच हायती. पाऊस पडला की झिरपून राहिलंय. पहिल्यांदा पिवळं झालं. आमाला वाटलं गढूळ हाय, निवळंल."

"आता याचं काय करता?"

"काय करावं? जनावरंबी तोंड लावत न्हाईत."

पिण्याचं पाणी ते दूरच्या एका बोअरवरून आणत होते.

तीन बादल्या भरल्या. आखाड्याच्या ओट्यावर ओळीत मांडल्या आणि प्रत्येकीवर आडवी काठी टाकून पट्ट्या सोडल्या. एका टोकाला रुथेनियम, मध्ये शिसं, दुसऱ्या टोकाला कथील. शेजारच्या शेतांतून पाचसहा जण येऊन उभे राहिले. मी अप्पांना आणि त्या सगळ्यांना बजावून सांगितलं, "हा फक्त प्रयोग आहे. पाणी कितीही चांगलं दिसलं तरी प्यायचं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या.

वीज सोडली. बुडबुडे उठले, फेस चढला. कथिलाची पट्टी सुरुवातीला सुसाट चालली आणि मग अचानक मेली. लेप सुटून राखेसारखा तळाशी बसला. रुथेनियमच्या बादलीतून क्लोरीनचा उग्र वास यायला लागला, पाणी उसाच्या रसासारखं पिवळट होऊन तिथंच अडलं. मधली बादली मात्र चहाची मध झाली, मधाची लिंबूपाणी झाली आणि दुपारपर्यंत तिचा तळ दिसायला लागला. तळाचा शिक्का वाचता येत होता. अप्पांनी बादलीवर वाकून पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

तेवढ्यात वीज गेली. शेतीच्या लाइनला ती ठरल्या वेळी जातेच. "आता येईस्तोवर जेवून घ्या," अप्पा म्हणाले. पट्ट्या पाण्यात तशाच ठेवून आम्ही आत गेलो.

जेवण अव्वांनी केलं होतं. अप्पांची बायको, सगळं घर त्यांना अव्वाच म्हणतं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, अंबाडीची भाजी आणि खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, वर तुपाची धार. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह शब्दांनी करतात, इथे तो न विचारता ताटात पडतो. अव्वांची मुलगी शैला भालकीला दिलेली. सातव्या महिन्यात माहेरी आली होती. तिच्यासाठीच खरं तर हुग्गीचा घाट होता. चटणीनं माझी जीभ पेटली, मी पेला उचलला आणि दोन मोठे घोट घेतले.

चव वेगळी लागली. नळाच्या पाण्याला येतो तसा हलका वास.

"अव्वा, हे पाणी कुठलं?"

अव्वा परातीपाशी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला. "प्या माय, तुमचंच हाय. आमच्या हिरीचं. किती वरसानं आमच्या हिरीचं पानी पावन्याच्या ताटाला लागलं."

पेला माझ्या हातात होता आणि तो खाली ठेवायचं मला सुचेना.

"कुठल्या बादलीतलं?"

"मधल्या. ती लई निर्मळ दिसली."

मी बिराजदारांकडे पाहिलं. त्यांचा पेला रिकामा होता. अप्पांनी अजून हात लावला नव्हता. शैलानं आपला पेला ताटापासून लांब सारला. तिनं माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं होतं.

"मी दुसऱ्यांदा भरून घेतला," ती म्हणाली. "काय आहे त्यात?"

मी सांगितलं. शिसं कदाचित असेल, कदाचित नसेल. प्रयोगशाळेत तरी नव्हतं. सांगताना माझंच वाक्य मला पोकळ वाटत होतं. शैलाचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

अप्पा अव्वांवर ओरडले, "पिऊ नका म्हनून सांगितलं हुतं की त्येंनी!"

"कुनाला सांगितलं?" अव्वांनी विचारलं.

"मला. समद्यांना."

"मला न्हाई सांगितलं. चुलीपाशी कुनी आलंच न्हाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या. आणि खरंच, ओट्यावर उभ्या असलेल्या पुरुषांना मी घसा फोडून सांगितलं होतं. घरात स्वयंपाक करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या दोघींना एका शब्दानं नाही. वीज गेली होती म्हणूनच बादलीत हात घालताना अव्वांना झटका बसला नाही, हेही मागाहून लक्षात आलं.

ताटं तशीच टाकून आम्ही निलंग्याचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी आम्हां सगळ्यांचं, चव बघितलेल्या अव्वांचंही, रक्त घेतलं. तपासणी मोठ्या शहरात व्हायची होती, वेळ लागणार होता. शैलाला त्या म्हणाल्या, "एका दिवसाच्या पाण्यानं घाबरून जायचं नाही." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पण पाण्यात किती होतं ते मला कळलं पाहिजे. अंदाज नको."

लातूरच्या प्रयोगशाळेत शिसं मोजायचं यंत्र बंद होतं. नांदेडला चालू होतं.

देगलूर, नायगाव

बिराजदार शैलाला घेऊन लातूरच्या दवाखान्यात गेले. मी आखाड्यावर परत जाऊन तिन्ही बादल्यांतलं आणि विहिरीचं पाणी बाटल्यांत भरलं. मधल्या बादलीत बरंच उरलं होतं, ती झाकून ठेवली आणि या वेळी अव्वांपाशी जाऊन सांगितलं, "हे कुणीही प्यायचं नाही." त्यांनी मान हलवली. नमुने टिकावेत म्हणून बाटल्यांत थोडं थोडं ॲसिड घातलं आणि उदगीर, देगलूर करत एसटीनं नांदेडची वाट धरली.

बाटल्यांची पिशवी मी मांडीवर घेतली होती. खिडकी बंद होईना, धूळ आत येत होती. देगलूर सोडल्यावर शेजारच्या बाईला खोकल्याची उबळ आली. वयस्कर, नाकात नथनी, मांडीवर गठुडं. तिनं माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे बोट केलं. मधल्या बादलीची, सगळ्यांत नितळ.

"बाई, घोटभर पानी द्या की."

"हे प्यायचं नाही हो."

तिला वाटलं, मी देत नाहीये. "घोटभर, माय. लई मागत न्हाई."

"नाही देता येणार."

मागच्या बाकावरून आवाज आला, "पानी मागून राहिली म्हातारी, आन् बाई न्हाई म्हनते!" दुसरा म्हणाला, "पुन्या-मुंबईच्या दिसतात." कंडक्टरही वळून बघायला लागला. पाण्याला नाही म्हणणं इकडे काय असतं, हे लातूरच्या त्या फुलपात्रानं मला शिकवलं होतं, आणि मी खोकणाऱ्या म्हातारीला तोंडावर नाही म्हणत होते. माझे डोळे भरून आले.

"त्यात तेजाब घातलंय," मी शेवटी मोठ्यानं म्हणाले. "तपासायला नेतेय. त्यात विष आहे का ते बघायला."

म्हातारी अंग चोरून खिडकीकडे सरकली. एकानं आपली बाटली तिच्याकडे दिली. नायगावला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून तिच्यासाठी पाण्याची सीलबंद बाटली आणली. तिनं ती घेतली, उन्हाकडे धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ह्यात न्हाई ना काई?"

मी नाही म्हणाले. तिनं बाटली गठुड्यात ठेवली. नांदेड येईपर्यंत ती उघडली नाही.

नांदेड

नांदेडच्या प्रयोगशाळेतले शफी सर माझ्याहून वयानं मोठे, निवृत्तीला आलेले. मी आधी फोन केला होता, त्यामुळे ते यंत्र तापवून तयारच बसले होते. एकेक नमुना त्यांनी स्वतःच्या हातानं लावला. विहिरीच्या पाण्यात शिसं नाही. कथिलाच्या बादलीत नाही. रुथेनियमच्या नाही. मग मधली. पडद्यावरचा आकडा उठला आणि उठतच राहिला. शफी सरांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, मी नमुना पातळ करून पुन्हा लावतो. हे काही बरोबर नाही."

पुन्हा लावला. बरोबरच होतं. पिण्याच्या पाण्यात जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पट. एवढं? त्या काचेसारख्या पाण्यात?

"पण आमच्याकडे उतरलं नव्हतं सर. कितीतरी वेळा तपासलंय."

"तुमच्याकडे बत्ती जाते?"

"जाते. पण प्रयोगशाळेला इन्व्हर्टर आहे."

"आणि तिथं गेली होती?"

वीज गेली तेव्हा पट्ट्या पाण्यातच होत्या, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "चला, बघूच." शिशाची पट्टी माझ्या पिशवीत होती. विहिरीच्या पाण्याची एक बाटली मी ॲसिड न घालता आणली होती; त्या पाण्यात बुडवून वीज सोडली, नमुना काढला, शिसं नावापुरतं. मग त्यांनी बटण बंद केलं आणि पट्टी तशीच पाण्यात ठेवली. आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. थोड्या थोड्या वेळानं नमुना काढायचा, लावायचा. प्रत्येक वेळी आकडा वर. वीज चालू असते तोवर तो लेप टिकतो, वीज गेली की विरघळायला लागतो. हुग्गीवर तुपाची धार पडत होती तेव्हा ओट्यावरच्या बादलीत हेच चाललं होतं.

"वीज न जाणाऱ्या गावासाठी तुमची पट्टी अव्वल आहे," शफी सर म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता; ते खरंच हळहळत होते. संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्या पत्नीनं माझ्यासाठी भाज्यांची तहारी केली होती, मसालेदार मोकळा भात, सोबत दही. अन्न उत्तम होतं हे मला आठवतं. गिळताना काय वाटत होतं तेही आठवतं. त्यांनी पाण्याचा जग पुढे केला आणि मी म्हणाले, "तहान नाही."

आकडा मी डॉक्टरीणबाईंना कळवला. त्यांनी तो पुन्हा विचारून लिहून घेतला. मग म्हणाल्या, "बरं झालं एकदाच घडलं. हे रोज प्यायले असते तर?"

रक्ताचे अहवाल येईपर्यंत मी बिराजदारांकडे लातूरला थांबले. ते दिवस कसे गेले यात वाचकाला सांगण्यासारखं काही नाही. मी फोनकडे बघत बसायची, वहिनी मला काही विचारायच्या नाहीत. अहवाल आले. शैलाचं ठीक होतं, माझं, बिराजदारांचं, अव्वांचंही. बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवू, पण काळजीचं कारण दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. बिराजदार खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. मला रडूही आलं नाही.

पुन्हा आखाड्यावर

हे फोनवर सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. अप्पा, अव्वा, शैला, तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं. या वेळी चुलीपाशीच बसले. रक्त ठीक आहे इथपासून पाण्यात किती शिसं होतं इथपर्यंत. शैलानं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं.

मग मी सामान आवरायला ओट्यावर आले. मधली बादली पालथी घातलेली होती, स्वच्छ धुऊन.

"अव्वा, यातलं पाणी?"

"बेलाला घातलं," त्या म्हणाल्या.

ओट्याच्या कडेला कमरेइतकं बेलाचं रोप होतं. रोज सकाळी अप्पा त्याचीच पानं पूजेला तोडत होते. आळं अजून ओलसर होतं.

"घालायचं नव्हतं का?" त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहत विचारलं. "पिऊ नका म्हनल्या. झाडाला घालू नका म्हनल्या न्हाईत."

दुसऱ्यांदा तेच. एवढं होऊनही, त्यांच्या पुढ्यात उभं राहूनही, मी अर्धंच सांगितलं होतं. जिथं पाण्याचा घोटही वाया जात नाही तिथं उरलेलं पाणी झाडाला जाणार, हे मी बिराजदारांच्या घरी पाहिलेलं होतं. तरी सुचलं नाही.

अप्पांनी कुदळ आणली. रोप मुळासकट, आळ्यातल्या मातीसकट निघालं. मी ती माती प्लास्टिकच्या पोत्यांत भरली. ती लातूरला नेऊन कुठं आणि कशी टाकायची ते बिराजदारांनी बघायचं ठरलं. अव्वा दारात उभ्या राहून बघत होत्या. खड्डा उघडा पडला तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग ह्या तिन्हीत चांगली पट्टी कोनती?"

एवढ्यासाठीच तर मी सहाशे किलोमीटर आले होते. एक रंग अर्धवट काढते आणि वास सोडते, एक अर्ध्या वाटेत मरते, आणि एक विहिरीला नितळ करते.

"अजून एकही नाही, अव्वा."

"असं."

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात तांब्या आणि दोन पेले होते. एक पेला भरून त्यांनी माझ्यासमोर तो सगळा पिऊन टाकला, पदरानं तोंड टिपलं. मग दुसरा भरला.

"बोअरचं हाय. मी पिले. आता तुमी प्या. कोरड्या तोंडानं जाऊ नका."

मी पेला घेतला. ओठांशी नेण्याआधी तो नाकाशी गेला. माझ्या नकळत गेला. मी वास घेतला. आणि वर पाहिलं तर अव्वा माझ्याकडेच बघत होत्या.

मी पाणी प्याले, सगळं, तळापर्यंत. त्यांनी पेला घेतला आणि आत गेल्या.